अंगाऱ्याची मूठ

दगूबाईची मूठ लहान होती, पण एकसारखी. दहा वेळा गहू घेतले तरी दहाही वेळा तेवढेच. म्हणून तर पोटी मूलबाळ नसलेल्या या धाकट्या सुनेच्या हाती कौसाबाईंनी कानबाईची टोपली दिली, आणि दिली ती वीस वर्षं परत मागितली नाही.

श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई ही देवी बसते. तिच्या रोटांचं, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, दळण साधं नसतं. घरातल्या पुरुषांची एकेक करून नावं घ्यायची आणि नावागणिक सव्वा मूठ गहू टोपलीत सोडायचे. म्हातारा असो की पाळण्यातला, त्याची मूठ पडलीच पाहिजे. त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला चतकोरसुद्धा द्यायचा नाही. वर्षभर बांधावरून भांडलेले भाऊ त्या दिवशी एका पंगतीला बसतात. एक रोट खातात ते भाऊबंद, एवढा साधा हिशेब. आणि टोपलीत पडलेला दाणा परत काढायचा नाही. तो देवीचा झाला.

दगूबाई म्हसावदची. अकराव्या वर्षी लग्न होऊन कळसाडीत आली. एकोणीसशे चौदा सालच्या श्रावणात थोरली जाऊ कमलबाई हिचा सव्वा महिना फिटला नव्हता, सासूच्या हाताला कंप सुटलेला, म्हणून टोपली दगूबाईकडे आली. कमलबाईच्या त्या तान्ह्या लेकाच्या, भिलाच्या नावाची पहिली मूठ तिनेच टाकली. पुढे स्वतःच्या लेकाची मूठ टाकायचा दिवस काही तिच्या नशिबी आला नाही. नवरा लोटन गरीब स्वभावाचा, त्याने कधी दुसरीचं नाव काढलं नाही. पण गावात तिला कुणी ओटी भरायला पुढे बोलावत नसे, नवरीला हळद लावायला बोलावत नसे. वर्षातला गहू मोजायचा तो एक शनिवार मात्र तिचा होता. सकाळीच न्हाऊन, ओल्या केसांनी ती टोपलीपुढे बसे तेव्हा घरातल्या बाया तिच्या तोंडाकडे बघत उभ्या राहत.

दुसरी एक गोष्ट तिची होती, ती म्हणजे वरचे लोक.

लहानपणी बाप तिला ज्वारी राखायला माळ्यावर घेऊन जाई. तिथे पडल्या पडल्या तिने त्याला विचारलं होतं, वर कोण राहतं? बाप म्हणाला होता, “कोन जाने माय, ऱ्हात व्हतीन कोनी तरी.” मग कोण राहतं ते दगूबाईनेच ठरवायला घेतलं, आणि ते काम पुढे तीस वर्षं संपलं नाही. चैत्र-वैशाखात बियाण्याच्या शेंगा फोडायला, मिरच्यांचे देठ खुडायला आळीतल्या बाया तिच्या ओट्यावर जमत आणि हात चालू असेपर्यंत दगूबाईचं तोंड चाले. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालंही होतं की दिवसाउजेडी गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो.

“मन्हा मामाच नही,” दगूबाई म्हणाली. “कोन वाट चुकी?”

वरच्या मुलखात चार जातीचे लोक होते. ठळक ताऱ्यांवर राहणारे ते उजळे. त्यांची अंगं घासलेल्या पितळेसारखी, त्यांना झोप नाही, सावली नाही. विझलेल्या ताऱ्यांवर राहणारे ते राखुंडे, करड्या रंगाचे, हलक्या पावलाचे, कुणाच्या दारात गेले तर खोकून वर्दी देणारे. आकाशगंगेत नावाडी. वाळवलेल्या भोपळ्याला मेण लावून ते त्याच्या नावा करत आणि एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर माणसं पोचवत. चौथे शेंडीवाले. ते कुणाचेच नव्हते. शंभर वर्षांनी एकदा यायचे, इकडची बातमी तिकडे आणि तिकडचं भांडं इकडे करायचे, आणि निघून जायचे.

लढाई होती ती उजळ्यांच्या घरात. त्यांच्यात दोन तट पडले होते. ठेवे म्हणत, आपला उजेड आपल्या घरात ठेवावा, खाली सांडला तर एक दिवस आपणच विझू. सांडे म्हणत, उजेड सांडला नाही तर खालच्यांनी वाट कशी बघायची? ठेव्यांचा सरदार कवाड्या. त्याने साऱ्या ताऱ्यांना दारं बसवायचा घाट घातला होता. सांड्यांची राणी सतरंगी. तिला सख्ख्या भावांनीच घराबाहेर काढलं होतं, आणि ती राखुंड्यांच्या आसऱ्याला आली होती.

ओट्यावरच्या बायांतही ठेवे आणि सांडे झाले, हे सांगायला नकोच. शेजारची शांतीबाई कट्टर ठेवी. तिच्या घरात दिव्याची वात कधी बोटाएवढी वर गेली नाही.

“आपला उजेड दुसरासले का म्हनीन देवाना?” ती शेंग फोडता फोडता विचारी. “कवाड्यानं काय चुकनं?”

“तू त्यानीच बहीन दिखस,” मंगलाबाई म्हणे. ती समोरच्या घरातली, जिभेची तिखट. “तुन्हा घरमा येवाले उजेड भी घाबरस.”

बाया हसून हसून लोटपोट होत. नवरे जेवायला वाट बघत बसत. फक्त कमलबाई हसत नसे. थोरल्या घरची सून, अंगावर दहा माणसांचं काम. तिचे हात सगळ्यांपेक्षा भरभर चालत आणि ती एवढंच म्हणे, “काम कमी, बडबड जास्त.”

पण साऱ्यांचा जीव कुणावर असेल तर तो राखुंड्यांच्या मुक्या अंगाऱ्यावर. त्याच्या विझलेल्या गावात एकच निखारा उरला होता, आणि वाऱ्याने विझू नये म्हणून तो अंगाऱ्याने तोंडात धरला होता. त्या निखाऱ्याच्या उबेवर सगळे राखुंडे जगत. त्याने तोंड उघडलं की निखारा पडणार आणि गाव गार होणार. म्हणून तो बोलत नसे. जेवायचाही ते कधीमधी, ओठांच्या कोपऱ्यातून, पातळ पेज.

तेहेतीस सालच्या श्रावणात गोष्ट अशा ठिकाणी आली होती की कवाड्याच्या माणसांनी राखुंड्यांचं गाव वेढलं होतं, आणि अंगाऱ्या सात दिवसांचा उपाशी होता. शुक्रवारी ओट्यावर डाळ निवडता निवडता दगूबाईने त्याला तसाच उपाशी ठेवून गोष्ट थांबवली. शांतीबाईसुद्धा म्हणाली होती, “पेज तरी पाज व त्याले. तू कसी शे!”

दुसऱ्या दिवशी कानबाईचे गहू मोजायचे होते. दगूबाई टोपलीपुढे बसली. कौसाबाई नावं मनात मोजत होत्या, कमलबाई सूप घेऊन उभी होती. आधी थोरला, कमलबाईचा नवरा: रतिलालनी मूठ. लोटननी मूठ. भिलानी मूठ. चुलत घरचे, त्यांची पोरं. अकरा पुरुष, अकरा मुठी. आणि अकरावी सोडल्यावर दगूबाईचा हात थांबायचा तो थांबला नाही. तिने आणखी एकदा गहू उचलले आणि त्याच सुरात तिच्या तोंडून निघालं, “अंगाऱ्यानी मूठ.”

दाणे टोपलीत पडले तेव्हा कुठे तिला कळलं.

चुलत घरच्या पोरी खुदकन हसल्या. कौसाबाईंचा चेहरा मात्र पांढरा पडला. “हाई काय बोलनी तू, दगू? जो माणूसच नही त्यानी मूठ?”

दाणे परत काढता येत नव्हते. कोणते त्याचे आणि कोणते घरच्यांचे, हे आता देवीलाच ठाऊक. गहू तसेच दळले गेले. त्या घरात मुठीमागे एक मोठा रोट असा रिवाज, म्हणून रविवारी बारा रोट झाले. पंगत उठली आणि बारावा रोट ताटात तसाच राहिला. तो खायचा कुणी? बाहेर देता येत नाही, टाकता येत नाही. बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

तेव्हा भिला पुढे आला. एकोणीस वर्षांचा, बैलासारखा धडधाकट, तोंडावर कायम हसू. म्हसावदचीच मुलगी त्याला सांगून आली होती, तुळशीच्या लग्नानंतर बार उडायचा होता.

“आन व काकी, मले दे,” तो म्हणाला. “त्याना तोंडमा निखारा. तो बिचारा कसा खाई? त्याना वाटाना मी खाई लेस.”

त्याने गुळाच्या खड्याबरोबर तो अख्खा रोट संपवला, वर तांब्याभर पाणी प्याला आणि ढेकर दिली. सगळे हसले. कौसाबाईसुद्धा. दगूबाईला तर त्याचे पाय धरावेसे वाटले, अशी त्या पोराने तिची अब्रू राखली.

कार्तिकात भिलाला ताप भरला. मुदतीचा ताप, एकवीस दिवस उतरला नाही. शहाद्याहून वैद्य आले, देवीला नवस झाले, कमलबाई उपाशीपोटी उशाशी बसून राहिली. बाविसाव्या दिवशी तो गेला.

त्या घरात कुणी आरडाओरडा केला नाही. कमलबाईने तेराव्याला, भांडी उतरवून ठेवता ठेवता, शांत आवाजात एवढंच सांगितलं, “हिना हातनी मूठ आम्हले नको.”

सगळ्यांना कळलं. माणूस नसलेल्याच्या नावाने मूठ टाकली, तर ती मूठ कुणाला तरी घेऊन जाणारच. दगूबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हे तिने आधीच, भिलाच्या तापाच्या तिसऱ्या दिवशी, आपल्या मनाशी म्हटलं होतं. लोटन म्हणाला, अगं तापाने किती घरची पोरं गेली यंदा. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली, पण ते तिच्या आत गेलं नाही.

पुढच्या श्रावणात, गाण्यांशिवाय, हळदकुंकवापुरती कानबाई बसवली. कौसाबाईंनी दगूबाईला बोलावून घेतलं. म्हातारीला सून नकोशी नव्हती. पण थोरलीचं तोंड बघून तिने सांगितलं, टोपली कमलबाईकडे जाईल. तुला पंगतीत रोट हवा असेल, पिठाला हात लावायचा असेल, तर आण घे. दगूबाईने ओल्या हाताने गव्हाला स्पर्श केला.

“कानबाई माय, वरला लोकेसनं नाव मी परत तोंडमा लेवाव नही.”

कमलबाई समोर उभी राहून ऐकत होती.

तिने आण पाळली. वैशाखात बाया ओट्यावर जमल्या, शेंगांचं पोतं मध्ये ओतलं, आणि कुणी काही बोललं नाही. अंगाऱ्या वेढ्यात होता, उपाशी होता, आणि तसाच राहिला. मंगलाबाईने एकदा “सांग ना व” म्हटलं, तर दगूबाई उठून आत गेली. हळूहळू बाया आपापल्या दारात बसून शेंगा फोडू लागल्या. दगूबाई देवपूजा करी, तुळशीला पाणी घाली, सोमवार-शनिवार उपास करी. पुन्हा रोटाच्या पंगतीत आपल्याला जागा आहे, एवढ्यावर तिने मन बांधलं होतं. बाकी तिचं म्हणून काय होतं?

छत्तीस साली, वैशाखातल्या एका दुपारी, ती धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घालून कावळे हाकत बसली होती. दोन्ही भावांची धाबी लागून होती, मध्ये वीतभर मातीची कड. पलीकडची शिडी वाजली आणि कमलबाई वर आली. अडीच वर्षांत दोघी कामापुरत्याच बोलल्या होत्या. कमलबाई कडेजवळ बसली, डोक्यावर पदर ओढला, आणि जावेच्या बिबड्यांकडे बघत राहिली.

“तो मुका आते काय करी ऱ्हायना व?”

दगूबाईला आधी वाटलं ऊन लागलं असावं. “कोन मुका?”

“तुन्हा तो. निखारावाला.”

“बाई, मी आन लियेल शे.”

“मले माहीत शे. मीच लेवाडी ना.” कमलबाईचा आवाज कोरडा होता. “मी तुले गोट नही इचारी ऱ्हायनी. एकच इचारस. मन्हा भिलानी त्याना रोट खादा. एक रोट खातस ते भाऊबंद. मंग तो मुका त्याना भाऊबंद व्हयना का नही?”

एक कावळा येऊन बिबडी उचलून घेऊन गेला, दगूबाईने हात हलवला नाही.

“आठे त्याले कोनी नही इचारत,” कमलबाई म्हणाली. “ती म्हसावदनी पोर दुसरीकडे दिधी. तिले आते लेकरू शे. त्याना बाप त्यानं नावबी लेत नही. मी डोया मिटस तं मले एकच दिखास, तो कोठे तरी दारसमोर उभा शे, आनि आतमा घेवाले कोनी नही. तू खोटं सांग. पन सांग.”

दगूबाईने आकाशाकडे नाही, पलीकडे धुरकट दिसणाऱ्या सातपुड्याकडे पाहिलं. एका बाजूला तिची पंगत होती, वर्षातला तो एक दिवस, भाऊबंदांत मोजलं जाणं. दुसऱ्या बाजूला ही बाई, जिच्या लेकाला तिने आपल्या हाताने पहिली मूठ घातली होती, आणि शेवटचीही. देवीला तिने मनात म्हटलं, माय, मी मोडते आहे हे तू बघ.

“व्हयना,” ती म्हणाली. “भाऊबंद व्हयना.”

“मंग त्यानी आतमा लिधा व्हई.”

“लिधा. मुका शे, बोलता येत नही. दार उघडं आनि हात धरीसन आतमा लयी गया. राखुंडासनी बाया उठन्यात, त्यासनी पानी तापाडं.”

“वेढा व्हता ना पन?”

म्हणजे ती तेव्हा ऐकत होती तर. मान खाली घालून, भरभर शेंगा फोडत, सगळं ऐकत होती.

“वेढा उठना,” दगूबाई म्हणाली. तीन वर्षं लावलेला कवाड्याचा वेढा तिने एका शब्दात उठवला.

कमलबाईने पदराने तोंड पुसलं आणि शिडी उतरून गेली.

त्या श्रावणात दगूबाई आपणहून कौसाबाईंपुढे गेली आणि म्हणाली, माझी आण मोडली, मला रोटात धरू नका. म्हातारीने विचारलं, कुणापुढे मोडली? दगूबाईने सांगितलं नाही. कमलबाई चुलीपाशी होती. तिने वळून पाहिलं नाही. घरात आणि आळीत बोलणं झालं ते झालं. जिने एक पोर खाल्लं तिला अजून जिभेचा ताबा नाही, असं शांतीबाईसुद्धा म्हणाली. रविवारी खाली पंगत बसली आणि दगूबाई आपल्या घरात भाकरी खाऊन उठली. लोटन रोट खाऊन आला तेव्हा तिने त्याच्या हातावर पाणी घातलं.

कमलबाई धाब्यावर येत राहिली. चार-आठ दिवसांनी, हाताला काही काम घेऊन. भिला काय करतो, काय खातो, कुणाशी बोलतो. नावाड्यांनी त्याला भोपळ्याची नाव चालवायला शिकवली. सतरंगी राणीच्या तबेल्यात त्याचा हात चांगला बसला. एकदा शेंडीवाले आले तर त्याने त्यांची चोरी पकडली, त्यावर कमलबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसली. “तसाच शे तो. लहानपने खारका चोरनारा त्यानीच धरेल व्हता.”

एकदा दगूबाईने लढाई परत सुरू करून पाहिली. कवाड्याने दारं लावायला घेतली, राखुंड्यांचे दोन गडी पडले. कमलबाईचा हात सुपातच थांबला. “मन्हा कोठे व्हता?” तिने विचारलं. दगूबाईने घाईघाईने त्याला तिथून दूर नेलं. त्यानंतर वरच्या मुलखात लढाई झाली नाही. ठेवे आणि सांडे आपापल्या घरी बसले. कुणी मेलं नाही, कुणाला लागलं नाही, कुणी उपाशी राहिलं नाही. मुलूख असा शांत झाला की सांगताना दगूबाईला स्वतःच्याच आवाजाची पेंग येई.

आणि गोष्टीचा शेवट तर तिला पहिल्यापासून माहीत होता. तो तिने कुणाला सांगितला नव्हता. ज्या दिवशी सांगेन त्या दिवशी सारी आळी रडेल, असं ती मनात धरून होती. शेवटी साऱ्या ताऱ्यांची दारं बंद होतात, कुठे उजेड उरत नाही, आणि तेव्हा मुका अंगाऱ्या तोंड उघडतो. निखारा पडतो, ठिणगी ठिणगी होऊन खाली सांडतो, आणि राखुंड्यांचं गाव विझून जातं, आतल्या माणसांसकट. इतकी वर्षं जपलेला तो शेवट. आता त्या गावात भिला होता.

एकेचाळीस साली कौसाबाई गेल्या. घर कमलबाईच्या हाती आलं. पुढच्या श्रावणात शनिवारी सकाळी ती स्वतः टोपली घेऊन दगूबाईच्या दारात आली. केस पिकलेले, कमरेत वाकलेली. टोपली उंबऱ्यावर ठेवली.

“ये. मन्ही मूठ एकसारखी पडत नही. तू टाक.”

दगूबाईने टोपलीकडे पाहिलं. गहू निवडलेले, स्वच्छ. तिचा हात पुढे गेला आणि तिने तो मागे घेतला.

“आन देवीनी व्हती, बाई. सासूबाईनी नही. त्या गयात म्हनीन ती फिटनी नही. हात लावस मी. पन मंग आजपासून वरलं बोलनं बंद.”

कमलबाईला ते कळायला वेळ लागला नाही. आत लोटन खोकला, गोठ्यात बैलाने खुंट्याला शिंग घासलं. कमलबाईने एकदा जावेच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा टोपलीकडे. मग खाली वाकून, गुडघ्यावर हात टेकत, तिने टोपली उचलली आणि कडेवर घेतली.

“दळाले उशीर व्हई ऱ्हायना,” ती म्हणाली, आणि गेली.

पंगतीचा आवाज रविवारी दुपारभर येत होता. पाऊस उघडला होता, दगूबाई धाब्यावर ओलं लुगडं पसरत होती. भांडी आवरून झाल्यावर शिडी वाजली. कमलबाई वर येऊन कडेपाशी बसली. दोघींपैकी कुणी कालचं काढलं नाही.

“आज काय?” कमलबाईने विचारलं.

“आज काय नही, बाई. जेवना. जराखा आडवा व्हयना.”

“पोटभर जेवना?”

“जेवना.”

“ताप?”

“नही. ताप नही.”

कमलबाईने मान हलवली. दगूबाईने लुगड्याची दुसरी बाजू झटकली आणि उन्हाकडे केली.